गुरगुरण्यामागचे दुखणे शोधणारी तपासणी

नऊ वर्षांत ज्याने कोणावर कधी दात विचकले नाहीत, असा आमचा लॅब्रॅडोर मोती एका संध्याकाळी मुलीने गळ्यात हात टाकताच गुरगुरला. आठवड्याभरात हे तीनदा घडले. ज्या प्रशिक्षकाला आम्ही विचारले, त्याने कुत्रा शिरजोर झाला आहे असे सांगून गुरगुरताच पट्ट्याला हिसका देण्याचा सल्ला दिला. दोन दिवस आम्ही तसे केले, याची मला अजूनही खंत वाटते. त्यानंतर आम्ही मोतीला, पाळीव प्राण्यांच्या बदललेल्या वागण्याची स्वतंत्र तपासणी करणाऱ्या एका दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी आधी रेबीजच्या लसीची नोंद पाहिली, कारण स्वभावात अचानक झालेला बदल हे त्या रोगाचेही लक्षण असू शकते. मग मोतीला हात न लावता त्या जमिनीवर बसल्या आणि प्रत्येक प्रसंगी तो कुठे होता, किती वेळ पडून होता, कोण कोणत्या बाजूने जवळ आले, हे विचारत राहिल्या. उत्तरे देताना माझ्याच लक्षात आले की तिन्ही वेळा तो बराच वेळ झोपून होता आणि कोणीतरी त्याच्या पाठीवर वाकले होते. तेवढ्यात मोती उठला. पुढचे पाय रोवून, सगळा भार छातीकडे घेत त्याने मागचे अंग कसेबसे वर ओढले. हे आम्ही रोज पाहत होतो, पण वयाचा भाग म्हणून सोडून देत होतो.

कान आणि दात ठीक निघाले. खुब्याशी हात जाताच मात्र त्याने मान वळवली, ओठ चाटले आणि तो जागीच ताठ झाला. गुरगुरण्याच्या आधीच्या या खुणा डॉक्टरांनी आम्हांला तिथेच दाखवून दिल्या. एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांचा संधिवात दिसला. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली सूचना असते, ती शिक्षेने दाबली तर तो पुढे सूचना न देताच चावू शकतो, हे त्यांनी इतक्या स्पष्टपणे सांगितले की पट्ट्याचा हिसका आम्ही त्याच क्षणी सोडला.

यकृत आणि मूत्रपिंडांसाठी रक्ततपासणी करूनच त्यांनी वेदनाशामक औषध सुरू केले आणि माणसांची वेदनाशामके कुत्र्यांना घातक ठरू शकतात म्हणून घरातली गोळी कधीही देऊ नये, असे बजावले. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरणे, वजन उतरवणे आणि झोपलेल्या मोतीला हाक मारून त्यालाच जवळ येऊ देणे, हे बाकीचे उपचार. तीन आठवड्यांनी मुलीने हाक मारली, तेव्हा तो आपणहून उठून तिच्या मांडीवर डोके टेकवून बसला.

दोन गोष्टी खटकल्या. लेखी सूचना चार दिवसांनी मिळाल्या. औषधाच्या वेळा तोवर आठवणीवर सांभाळाव्या लागल्या. दुसरे म्हणजे, वेळ ठरलेली असूनही अरुंद खोलीत इतर कुत्र्यांसमोर तासभर बसावे लागले, आणि दुखण्याने आधीच बेजार झालेल्या जनावरासाठी ते फार होते. पुढच्या खेपेस गाडीतच थांबू देण्याची विनंती केली, ती त्यांनी लगेच मान्य केली.