नागपुरात मागवलेले फ्रोझन उंदीर: आधी पोट बघा, मग भाव

बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक हे परदेशी साप पाळणाऱ्यांना त्यांच्या खाण्यासाठी लागणारे फ्रोझन उंदीर नागपुरात मुख्यतः दोन वाटांनी मिळतात. एक, पुण्या-मुंबईकडच्या ब्रीडरकडून थर्माकोलच्या डब्यात, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. दोन, शहरातल्या पेट शॉपच्या फ्रीझरमधून, सुटे. दोन्हीकडचा माल तपासून हे लिहिलं आहे. विक्रेत्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण तोच विक्रेता जानेवारीत फर्स्ट क्लास आणि मे महिन्यात फेकण्याच्या लायकीचा माल पोचवतो. ब्रीडरचा हात चांगला असला तरी डिकीत चौदा तास काय झालं, त्यावर उंदराचा दर्जा ठरतो.

झिपच्या पिशवीतला माल असेल तर पिशवी हलवा. नीट गोठवलेले उंदीर सुटे असतात, खडखड वाजतात. सगळे मिळून एकच ढेकूळ झालं असेल आणि फटींमध्ये गुलाबी बर्फ दिसत असेल, तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठलाय. त्यावर वाद घालायची गरज नाही, परत करा. पिशवीत आतून पांढरा भुरभुरीत बर्फ थोडा असेल तर चालतो. मूठभर असेल तर तापमान बरेच दिवस वरखाली होत राहिलंय. व्हॅक्यूम पॅक असेल तर प्लास्टिक अंगाला घट्ट चिकटलेलं हवं. पाकीट फुगलंय म्हणजे आत वायू धरलाय, ते उघडूसुद्धा नका.

खरी परीक्षा पोटाची. उंदीर मेल्यावर सडण्याची सुरुवात आतड्यापासून होते, आणि गोठवायला उशीर झाला की पोटाच्या कातडीखाली हिरवट-निळसर छटा येते. पिंकीची, म्हणजे केस न आलेल्या नवजात पिल्लाची, कातडी पारदर्शक, त्यामुळे तिथे लगेच कळतं. पण पिंकीच्या पोटातला पांढरा पट्टा बघून घाबरू नका. ते आईचं दूध आहे, म्हणजे पिल्लू दूध पिऊन पोसलेलं होतं. बरगडीखालचा गडद डाग म्हणजे यकृत, तेही ठीक. मोठ्या उंदराच्या पोटावरचे केस फुंकर मारून बाजूला करा आणि कातडीचा रंग बघा. हिरवं दाखवलं की काही दुकानदार ‘ते पित्त आहे’ म्हणतात. माऊसच्या, म्हणजे छोट्या जातीच्या उंदराच्या, बाबतीत एखाद्या ठिपक्यापुरतं ते मान्य करता येईल. रॅटला, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराला, पित्ताशयच नसतं, तेव्हा तिथे ही सबब फारशी चालत नाही.

मग अंगावरून नजर फिरवा. डोळे खोल गेलेले, कान-शेपटी वाळून कागदासारख्या, केस बोटाला लागताच तुटणारे: हा फ्रीझर बर्न. माल विषारी नसतो, पण पाणी उडालेलं, चरबी खवट व्हायला लागलेली आणि व्हिटॅमिन ई घटलेलं असतं. संत्रं घेताना आपण आकाराच्या मानाने जड आहे का ते हातावर तोलून बघतो, तेच इथे करायचं. मागच्या पायांजवळ पिवळे ओले डाग गोठलेले असतील तर पिंजऱ्यातला भुसा वेळेवर बदलत नाहीत, असं समजा.

वजनाच्या बाबतीत दोन्ही वाटा कमी पडल्या. साधारण धरायचं ते असं: माऊसची पिंकी १ ते ३ ग्रॅम, हॉपर (केस आलेलं, उड्या मारणारं पिल्लू) ७ ते १२, मोठा माऊस २० ते ३०. रॅटचं नुकतं जन्मलेलं पिल्लूच ५-६ ग्रॅमचं असतं, आणि ‘स्मॉल रॅट’ म्हणजे ५० ते ९० ग्रॅम. पण स्मॉल, मीडियम ही लेबलं ज्याची त्याची. ‘स्मॉल’ लिहिलेल्या पाच रॅटच्या एका पाकिटात दोन ४० ग्रॅमच्या आत भरले. म्हणून ऑर्डर देताना साइज सांगू नका, ग्रॅम सांगा, आणि भावही ग्रॅमवर काढा. समजा २० ग्रॅमचा माऊस ६० रुपयांना आणि ३० ग्रॅमचा ७५ ला आहे, तर स्वस्त दिसणारा ग्रॅममागे ३ रुपयांना पडतो आणि महाग दिसणारा अडीचला. पिंकीसाठी स्वयंपाकघरातला काटा उपयोगाचा नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा सराफी काटा इतवारीत मिळतो, तो घ्या. वजन दोनदा करा: एकदा गोठलेलं, एकदा वितळवून टिपून घेतल्यावर. फरक फार पडला तर पैसे बर्फाचे दिलेत.

उंदीर मारतात कसे, हे विक्रेत्याला सरळ विचारा. बंद पेटीत कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडणं ही रूढ पद्धत. मान सुजलेली, तोंडात गोठलेलं रक्त, कवटी दबलेली असेल तर आपटून मारलंय. नाकाशी किंचित गुलाबी फेस मात्र गॅसनेही येतो, तेवढ्यावरून दोष देऊ नका. नवजात पिल्लांना कमी ऑक्सिजन बराच वेळ सोसतो, त्यांना गॅसमध्ये मोठ्यांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ ठेवावं लागतं. जो विक्रेता ‘पिंकी काय, तशाच फ्रीझरमध्ये टाकतो’ म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नये. आणि गल्लीत पिंजऱ्यात सापडलेला फुकटचा उंदीर तर कधीच नाही. त्याने आधी ब्रोमॅडिओलोनची वडी खाल्ली असेल तर ते विष सापाच्याही पोटात जातं.

आता वितळवून. ६० ग्रॅमचा रॅट बंद पिशवीत घालून रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, सकाळी पिशवीसकट ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात १५-२० मिनिटं. (मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी जवळपास तेवढंच असतं, गीझर लावू नका.) मायक्रोवेव्ह अजिबात नको, बाहेर थंड आणि आत शिजलेलं असा प्रकार होतो, कधी पोट फुटतं. आता अंगठ्याने पोट हलकेच दाबा. चांगला रॅट सगळीकडे सारखा मऊ, पण लवचीक लागतो, दाबलेली जागा वर येते. बोट आत रुतून तसंच राहिलं, मधोमध खडा लागला किंवा आंबूस वास आला तर काय करायचं ते ठरलेलंच: खडा असेल तर अजून गोठलेला आहे, परत पाण्यात, बाकी दोन्हीत कचऱ्यात. बस पार्सलने डिसेंबरात आलेले रॅट या परीक्षेत स्वच्छ पास. मे महिन्यात आलेल्या डब्यात मोठे रॅट कडक होते, पिंक्या मात्र हाताला लिबलिबीत.

असं का, ते सोपं आहे. डब्यातल्या जेल पॅकचा गारवा संपल्यावर दोन ग्रॅमची पिंकी वितळायला फार वेळ लागत नाही. ८० ग्रॅमचा रॅट स्वतःच बर्फाचा गोळा असतो. त्यामुळे उन्हाळ्यात ऑर्डर अडलीच तर पॅक करणाऱ्याला पिंक्या मध्यभागी, भोवती मोठे रॅट आणि मोकळ्या जागेत कागद कोंबायला सांगा. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) उणे ७८ अंशांचा असतो, तो मिळाला तर उत्तमच, पण डबा हवाबंद केलेला नसावा, वायू बाहेर जायला वाट हवी. शुक्रवार-शनिवारी पाठवायचं नाही, रविवारी पार्सल ऑफिसात पडून राहतं. सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे फेब्रुवारीत सहा महिन्यांचा माल भरणं. उणे १८ ला तेवढा काळ तो नीट टिकतो.

शहरातल्या दुकानांचा फायदा एवढाच की माल डोळ्यांनी बघून घेता येतो. पण आइस्क्रीमसारखा काचेच्या झाकणाचा फ्रीझर दिवसभर उघडझाप होतो, आणि पाकिटावर गोठवल्याची तारीख नसते. तारीख नसेल तर दहाच्या जागी दोन घ्या आणि वितळवून बघा.

घरी फ्रॉस्ट-फ्री फ्रीजपेक्षा साधा डीप फ्रीझर बरा, कारण फ्रॉस्ट-फ्री फ्रीज ठरावीक वेळाने स्वतःच गरम होऊन बर्फ वितळवतो. छोट्या डबीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. गावाहून आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मधे लाइट बराच वेळ गेली होती, सगळा माल काढा. खाण्याच्या वस्तूंशेजारी हे ठेवू नये. गोठवल्याने साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मरत नाही. अमेरिकेत २०१० आणि २०१४ मध्ये फ्रोझन उंदरांशी जोडलेल्या साथी नोंदल्या गेल्या आहेत. हात साबणाने, चिमटा वेगळा.

हे सगळं परदेशी, कायदेशीर सापांपुरतं. बॉल पायथन साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात येतो, त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. नाग, धामण वगैरे देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. घरात सापडलाच तर सर्पमित्राला किंवा सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला कळवा.

गुण द्यायचे तर हिवाळ्यातलं बाहेरगावचं पार्सल: रॅटला पाचपैकी साडेचार, पिंकीला चार. उन्हाळ्यातलं: रॅटला तीन, पिंकीला एक. शहरातला सुटा माल: अडीच, तोही फक्त बघून घेता येतो म्हणून. आणि पार्सल आल्यावर डबा उघडतानाच व्हिडिओ काढा. वितळलेल्या मालाचे पैसे परत मागताना विक्रेता पहिला तोच मागतो.