ग्रास कटरचं ‘ब्लॉक-पिस्टन गेलं’ सांगून घेतलेले ४,८०० रुपये

आंबा-काजूच्या बागेत गणपतीनंतर बेणणीला, म्हणजे वाढलेलं गवत कापायला, ग्रास कटर बाहेर काढणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याने मला पद्धतशीर फसवलं. दुकानाचं नाव देत नाही. त्याने वापरलेली युक्ती कुठल्याही दुकानात चालू शकते, ती मात्र नीट सांगतो.

माझं मशिन टू-स्ट्रोक, ४३ सीसीचं. आदल्या हंगामातलं पेट्रोल टाकीत तसंच राहिलं होतं. पावसाळ्यात काढलं तर चोकवर, म्हणजे इंजिनाची हवा अडवणारी झडप लावून, सुरू व्हायचं, चोक उघडला की बंद. अर्ध्या चोकवर चालवलं तर आवाज वरखाली व्हायचा, आणि गवतात घालून रेस दिली की गुदमरून बसायचं.

दुकानदाराने दोरी एकदा ओढली, प्लग काढून पाहिला आणि निकाल दिला, “काका, ब्लॉक-पिस्टन गेलं. ऑइल कमी घातलंत तुम्ही.” (ब्लॉक म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होतो तो सिलिंडर.)

खरी मेख या दुसऱ्या वाक्यात आहे. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. माझ्या मशिनला एका लिटरला ४० मिली. ते कमी पडलं तर पिस्टन खरंच जाम होतो, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. बागेत मशिन गड्याच्या हातात असतं, त्यामुळे मालक मनातल्या मनात गड्यावर खापर फोडतो आणि गप्प पैसे मोजतो. माझं मिश्रण मी स्वतः खुणा केलेल्या बाटलीत करतो. तसं सांगितलंही. त्यावर उत्तर आलं, “मग ऑइल डुप्लिकेट असेल.”

मशिन परत आलं ते झकास चालत होतं. सोबत पिशवीत ‘तुमचा जुना पिस्टन’, चांगला ओरखडे पडलेला, आणि चिठ्ठी: ब्लॉक किट ४,२००, मजुरी ६००. थोडी बाग बेणून होते न होते तोच पुन्हा तेच, चोक उघडला की बंद.

या वेळी आमच्याकडे रोजाने कटर मारायला येणाऱ्या दादांनी मशिन अंगणातच उघडलं. सायलेन्सर दोन बोल्टवर असतो. तो काढला की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनची कड सरळ दिसते. ऑइलअभावी पिस्टन गेला असेल तर तिथे उभे ओरखडे दिसतात. आमचा पिस्टन गुळगुळीत होता, पण नवाही नव्हता, तपकिरी पडलेला. मग त्यांनी ब्लॉकच्या बुडाचे चार अ‍ॅलन बोल्ट दाखवले. त्यांच्या खळग्यांत गवत आणि ऑइलचा लगदा दगडासारखा घट्ट बसला होता, अ‍ॅलन की आत जाईना. बोल्ट खोलल्याशिवाय पिस्टन बदललाच कसा?

तरी पिशवीतला तो ओरखड्यांचा पिस्टन होताच. म्हणून त्याला व्हर्निअर, म्हणजे जाडी-व्यास मोजायची पट्टी, लावला. भरला ४४ मिलिमीटरच्या जवळपास. आमच्या इंजिनावर १ई४०एफ असं कोरलेलं आहे. यातला ४० म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४४ चा पिस्टन ५२ सीसीच्या मशिनला लागतो. तो माझ्या सिलिंडरमध्ये कधी शिरलेलाच नाही, कारण शिरूच शकत नाही. दुकानात असे दोन-चार फुटके पिस्टन ठेवलेले असणार, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला.

खरा बिघाड कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, होता. आतला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, ताठ झाला होता आणि टाकीतल्या फिल्टरवर चिकट साका बसला होता. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, आणि महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर आतल्या रबराचीही वाट लागते. चोकने हवा अडते, म्हणून अपुऱ्या पेट्रोलवरही मशिन तग धरतं. चोक उघडला की हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि मशिन बंद. दुकानदाराने बहुधा कार्बोरेटर वरवर धुऊन ताजं पेट्रोल घातलं होतं, म्हणून काही काळ चाललं. डायफ्राम, फिल्टर आणि पेट्रोलची नळी, तिन्ही मिळून पाचशेच्या आत झालं.

तेव्हा चोकवर चालणाऱ्या मशिनला कोणी पिस्टन सांगितला तर आधी दोरी हळू ओढून बघा. दर फेऱ्याला हाताला अडकल्यासारखा चांगला दाब लागत असेल तर कॉम्प्रेशन आहे. पिस्टन-रिंग गेल्या असतील तर दोरी ढिली येते, नाहीतर इंजिन फिरतच नाही. टाकीचं झाकण किंचित सैल करूनही चालवून पाहा. तेवढ्याने सुधारलं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, बाकी काही नाही. आणि सायलेन्सर आपल्यासमोर काढायला सांगा. नाही म्हणाला तर मशिन उचलून घरी आणा.

मी मशिन, पिशवी आणि व्हर्निअर घेऊन दुकानात गेलो. “पोरानं चुकून दुसऱ्याचा दिला असेल,” असं म्हणाला. मग माझा कुठे? भंगारात गेला. ब्लॉक इथेच खोला म्हटलं तर हातात काम आहे. शेवटी त्याच्यासमोरच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला आणि तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, हेही त्याला ऐकवलं. किटचे ४,२०० परत आले. मजुरीचे ६०० परत द्यायला तो तयार नाही, तेवढी तक्रार चालू आहे.

वाडीतल्या आणखी एकाने नंतर त्याची पिशवी आणून दाखवली. दुकान तेच. त्याचंही मशिन ४३ सीसीचं, पिस्टन ४४ चा. पण त्याने चिठ्ठी घेतलेली नाही, आणि दुकानदार त्याला ओळखतही नाही म्हणतो.