मडगावच्या बाजारातील नाताळची काजूची खोकी: खरेदीपूर्वी हे वाचा

नाताळच्या आठवड्यात मडगावच्या न्यू मार्केटमध्ये खरेदीला जाणार असाल, तर ‘अस्सल गोवा काजू’ म्हणून रंगीत खोक्यांतून विकल्या जाणाऱ्या मालाबाबत सावध राहावे, एवढ्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

त्या दिवसांत या बंदिस्त बाजाराच्या अरुंद बोळांत डोक्यावर कागदी चांदण्या टांगलेल्या असतात आणि दोदोल, बेबिंका, नेवऱ्या अशा गोड पदार्थांनी दुकाने भरलेली असतात. आम्ही गेलो तेव्हा सांताक्लॉजच्या वेशातला एक तरुण मुलांना गोळ्या वाटत होता, गिटारवर गाणी चालली होती आणि बघ्यांच्या गर्दीत पाऊल टाकायला जागा नव्हती. त्या गर्दीच्या कडेला मांडलेल्या एका तात्पुरत्या स्टॉलवर काजूची चव दिली जात होती. हातावर ठेवलेले काजू खरोखर उत्तम होते: अख्खे, टपोरे, ताजे भाजलेले. विक्रीची खोकी मात्र आधीच भरून, रिबिनीने बांधून मागे रचलेली होती. मोकळे काजू समोर तोलून द्या, असे म्हटल्यावर “ताई, भेटीची खोकी अशीच येतात, सणाच्या गर्दीत उघडत बसलो तर कसं होणार?” असे उत्तर मिळाले. नातेवाइकांसाठी अर्ध्या किलोची चार खोकी घेतली.

सावंतवाडीला घरी येऊन एक खोके उघडले. वरच्या थरात अख्खे काजू एकेक करून मांडलेले होते. खालचा पुठ्ठा उचलला, तर पाकळी, तुकडा आणि खवट वास. स्वयंपाकघरातल्या काट्यावर काजू भरले ४१० ग्रॅम, आणि उरलेले ९० ग्रॅम वजन खोक्याचे, पुठ्ठ्याचे व रिबिनीचे निघाले. खोक्यावर ‘डब्ल्यू २४०’ अशी प्रत छापली होती. या प्रतीत एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त २४० अख्खे गर बसतात. तुकड्यांना ती लागूच होत नाही.

गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आफ्रिकेतून आलेला काजू गोव्याच्या नावाने खपवला जातो, ही तक्रार तिथले काजू व्यावसायिक स्वतःच करत आले आहेत, आणि म्हणून मला याचा अधिक राग येतो, कारण यात नुकसान गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील काजू बागायतदाराचेही आहे. त्याच बाजारात वर्षानुवर्षे बसणारे, रिकामी पिशवी काट्यावर ठेवून आकडा शून्य करून मग तोलणारे दुकानदार आहेत. काजू त्यांच्याकडूनच घ्यावेत.

आधी भरून ठेवलेल्या खोक्यावर भरणाऱ्याचे नाव-पत्ता, वेष्टन वगळून निव्वळ वजन, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे वेष्टित वस्तूंबाबतच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. खाद्यपदार्थ असल्याने १४ अंकी अन्न परवाना क्रमांकही लागतो. या खोक्यांवर त्यातले काहीही नव्हते. बिलही नाकारले गेले, परंतु यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद फोनमध्ये आहे. ती आणि काट्यावरच्या आकड्याचे छायाचित्र जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. उरलेली तीन खोकी वजन-माप निरीक्षकासमोरच उघडून तोलावीत, अशी मागणी केली असल्याने ती तशीच बांधलेली ठेवली आहेत.