एआय असिस्टंटसाठी कोडिंग स्टाइलच्या सूचना: सात महिने वापरून झाल्यावर

ठिकाण महापे, नवी मुंबई. काम गृहनिर्माण सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलिंगचं, कोड टाइपस्क्रिप्टमध्ये. गिटहब कोपायलट आणि क्लॉड कोड हे कोड लिहून देणारे दोन्ही एआय असिस्टंट वापरात आहेत. कोड कसा लिहायचा हे असिस्टंटला सांगणारी सूचनांची फाइल ठेवावीच, पण छोटी.

पहिली फाइल म्हणजे टीमचं जुनं स्टाइल गाइड जसंच्या तसं डकवलेलं होतं, दोनशेच्या वर ओळी. काही नियम पाळले जायचे, काही आज पाळले तर उद्या नाही. ही फाइल कंपायलरसारखी कोड अडवत नाही, प्रॉम्प्टला, म्हणजे असिस्टंटला दिलेल्या विनंतीला, जोडलेला मजकूर असते. मजकूर वाढला की एकेका नियमाचं वजन घटतं. म्हणून इंडेंट, सेमीकोलन, अवतरण चिन्हं, इम्पोर्टचा क्रम हे सगळं प्रिटियर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारा फॉरमॅटर) आणि ईएसलिंट (नियम मोडलेले दाखवणारा लिंटर) यांच्याकडे दिलं. क्लॉड कोडमध्ये हूक (ठरावीक घटनेनंतर आपोआप चालणारी कमांड) लावून ठेवला की असिस्टंटने फाइल बदलल्यावर फॉरमॅटर आपोआप चालतो. आता चाळीसेक ओळी उरल्यात. (नियम मराठीत लिहिले तरी समजतात, पण देवनागरीला टोकन (मॉडेल मजकूर ज्यांत मोडून वाचतं ते तुकडे) जास्त लागतात, म्हणून फाइल इंग्रजीत.)

उरलेल्या ओळी लिंटरला न कळणाऱ्या गोष्टींच्या. त्यातली सगळ्यात कामाची ओळ पैशांची. आधी नुसतं 'रकमेसाठी फ्लोट (दशांश संख्या, जिच्यात बारीक चुका येतात) वापरू नका' असं होतं. असिस्टंटने फ्लोट टाळला खरा, पण रकमेला टू-फिक्स्ड (संख्येचा ठरावीक दशांशांचा मजकूर करणारं फंक्शन) लावून स्ट्रिंग, म्हणजे मजकूरच, पुढे पाठवली. मग १२५०.०० मेंटेनन्स आणि ३००.०० पार्किंग यांची बेरीज १२५०.००३००.०० अशी चिकटून आली. 'हे करू नका' म्हटलं की तो दुसरी पळवाट शोधतो. काय करायचं ते सांगावं लागतं. आताचा नियम असा: 'रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत (पैसे हे एकक), पूर्णांक म्हणून ठेवा, रुपये फक्त दाखवताना करा.' खाली दोन ओळींचं उदाहरण. ते उदाहरण चार परिच्छेदांच्या समजावणीपेक्षा जास्त काम करतं.

तसाच घोळ आकड्यांच्या फॉरमॅटचा. 'लाख-कोटीप्रमाणे स्वल्पविराम द्या' एवढंच लिहिलं होतं. स्क्रीन मराठी, म्हणून असिस्टंटने लोकेल (भाषा-प्रदेशाप्रमाणे आकडे, तारखा दाखवण्याची सेटिंग) एमआर-आयएन, म्हणजे मराठी-भारत, घेतलं. स्वल्पविराम अचूक, पण त्या लोकेलला आकडेही देवनागरी येतात. स्क्रीनवर छानच दिसतं. तेच फंक्शन सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले रकाने असलेली फाइल) एक्सपोर्टला लागलं की एक्सेलला तो आकडा न वाटता मजकूर वाटतो, आणि खजिनदाराची बेरीज शून्य. आता नियमात लिहिलंय की एक्सपोर्टमध्ये कुठलंही फॉरमॅटिंग न लावलेला आकडा जाईल.

जुन्या कोडशी भांडण हा वेगळाच प्रकार. फाइलमध्ये कॅमलकेस (totalAmount अशी नावं) म्हटलं असलं तरी समोरचं मॉड्यूल स्नेककेसमध्ये (total_amount) असेल तर असिस्टंट बहुधा समोरचं बघून लिहितो, आणि कधीकधी एकाच फंक्शनमध्ये दोन्ही. त्यावर उतारा: 'नवीन फाइलला हे नियम, जुन्या फाइलमध्ये तिचीच पद्धत, न मागितलेल्या ओळींना हात नको.' शेवटचं कलम नसेल तर तीन ओळींच्या दुरुस्तीला चारशे ओळींचा डिफ (बदलांची यादी) येतो आणि रिव्ह्यू करणारा वैतागतो.

'स्वच्छ, दर्जेदार कोड लिहा' ही ओळ पहिल्याच दिवशी काढा. तिने काहीच बदलत नाही.

कोपायलटची सामाईक फाइल प्रोजेक्टच्या .github या फोल्डरमध्ये राहते. ठरावीक फोल्डरसाठी वेगळी फाइल करून तिच्या डोक्यावर 'अप्लाय-टू'चा पॅटर्न (ती कुठल्या फाइलींना लागू ते सांगणारी ओळ) द्यावा लागतो. तो राहिला तर व्हीएस कोडमध्ये ती फाइल आपोआप लागू होत नाही, आणि कुठे एररही दिसत नाही. म्हणून आधी फाइल वाचली जातेय का ते बघा: कोपायलट चॅटमध्ये उत्तराच्या संदर्भांत तिचं नाव दिसतं, क्लॉड कोडमध्ये मेमरी कमांड देऊन यादी मिळते. टाइप करताना राखाडी अक्षरांत येणाऱ्या कोपायलटच्या सुचवण्यांना मात्र या सूचना लागूच होत नाहीत. चॅटमध्ये शिस्तीत वागणारा असिस्टंट टॅब दाबताच जुन्या वळणावर जातो तो याचमुळे. तिथे लिंटरच कामाला येतो.

फाइल गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेवा, बदल पुल रिक्वेस्टनेच, म्हणजे सहकाऱ्यांनी तपासूनच, होऊ द्या. रिव्ह्यूत एकच चूक दोनदा दिसली की नवा नियम घाला, आणि घालताना एखादा जुना काढून आठवडाभर बघा. बऱ्याचदा कुणाला तो गेल्याचं कळतही नाही.