पार्कातलं जेवण: कुपन आधीच घ्यावं, की तिथं पाहून खावं?

पांढरकवडा, वणी, घाटंजीकडची माणसं सुट्टीत पार्क म्हटलं की हैदराबादकडे पाहतात. समृद्धी महामार्गानं खोपोलीचं इमॅजिकाही आता आधीपेक्षा सोपं झालंय, पण आपल्याला ४४ नंबरचा हायवे दारातूनच जातो. रात्री गाडी काढली की आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी करत सकाळी हैदराबाद. मग वंडरला नाहीतर रामोजी फिल्म सिटी. तिकीट मोबाइलवर काढताना एका ठिकाणी बोट अडतं: जेवण जोडायचं का? घरची सहा माणसं असली तर तो आकडा सहापट होतो आणि मग नवरा-बायको एकमेकांकडे पाहतात.

माझं मत आधी सांगतो. दुपारचं एक जेवण, तेही घरातल्या दणकून खाणाऱ्यापुरतंच आधी घ्या. सगळ्यांसाठी सरसकट आणि दिवसभराचं घेऊ नका.

कुपनाचा दर ठरवणारा तुमच्या आजीकडे पाहून तो ठरवत नाही. चिकनही घेणार, गोडही दोनदा घेणार, असं सरासरी गिऱ्हाईक धरून तो ठरतो. तुमचं घर त्या सरासरीच्या वर आहे का खाली, एवढाच खरा प्रश्न. आता आकडे हिशेबापुरते धरू, खरे दर बुकिंगच्या दिवशी पाहा. समजा कुपनावर मिळणारा बुफे मोठ्यांना ४०० आणि लहानांना ३००. घरात माळकरी आजी, आई, बाबा, कॉलेजातला पोरगा आणि दोन लहान लेकरं. बुफेचे झाले २२००. तेच काउंटरवर घेतलं तर आजीचा दहीभात १२०, आई-बाबांच्या दोन थाळ्या ५००, लेकरांत एक फ्राइड राइस आणि एक फ्रेंच फ्राइज मिळून ३५०, आणि पोराची बिर्याणी, वर काहीबाही ४५०. एकूण १४२०. म्हणजे ७८० रुपये हातात राहिले. फक्त पोराचं कुपन घेतलं तर आणखी ५० वाचतात, आणि तो तिसऱ्यांदा ताट भरून आणतो ते वेगळंच.

पण चार कॉलेजातली पोरं मिळून जात असतील तर हाच हिशेब उलटतो. काउंटरवर प्रत्येकी साडेचारशेच्या खाली कोणी उठणार नाही, आणि अर्ध्या तासानं परत भूक. पाण्यात दिवसभर धिंगाणा घातल्यावर जी भूक लागते ती घरच्या भुकेसारखी नसते. त्यांनी बिनधास्त बुफे घ्यावा.

बुफेचं ताट दोघांत वाटून खाऊ देत नाहीत, हे ध्यानात असू द्या. घरी आपण लेकराला आईच्याच ताटात बसवतो, तिथं ते चालत नाही. वंडरलात मुलाचं तिकीट उंचीवर असतं: ८५ सेंटीमीटरच्या आत फुकट, १४० पर्यंत लहान मुलाचा दर. नऊ वर्षांचं पण उंच पोरगं असलं तर जेवणाचा दर कुठला लागणार, हे पैसे भरायच्या आधी पाहून घ्या. खाणार दोन घास, आणि पैसे पूर्ण माणसाचे!

पैशापलीकडे कुपनाची एक बाजू मला पटते. पाण्याच्या खेळांत मोबाइल लॉकरमध्ये असतो. घरातलं यूपीआय बहुतेक एकाच्याच फोनवर, आणि तो माणूस नेमका कुठल्यातरी रांगेत. बाकीचे ओल्या कपड्यांत काउंटरसमोर ताटकळतात. आधी भरलेलं जेवण असलं की ही कटकट मिटते. काही पार्कांत पैसे भरून घ्यायचं कार्ड नाहीतर मनगटावरचा पट्टा मिळतो. तो मला कुपनापेक्षा बरा वाटतो, कारण ज्याला जे हवं ते घेता येतं. उरलेले पैसे मात्र निघायच्या आधीच परत घ्यायचे. संध्याकाळी सगळे थकलेले असतात आणि शे-दोनशे तिथंच राहतात.

कुपनाला वेळेचं बंधन असतं, त्याचा मात्र तोटा होतो. दीडच्या सुमाराला सगळं पार्क जेवायला बसतं आणि मोठ्या पाळण्यांची रांग तेव्हाच आखूड होते. ज्यांना पाहून खायचं आहे त्यांनी त्या वेळात पाळणे उरकावेत आणि अडीचनंतर जेवावं. भरल्या पोटी उलटंपालटं करणाऱ्या पाळण्यात बसायचा प्रसंगही त्यानं टळतो.

शिदोरीचं काय? बाहेरचं खाणं वंडरला, इमॅजिका दोन्हीकडे आत नेऊ देत नाहीत. तरी दशम्या, तिखट पुऱ्या, जवसाची चटणी, चिवडा घ्याच. वंडरला अकराच्या सुमाराला उघडतं. सकाळचं पोटभर खाणं गाडीजवळच करून आत शिरलं की आत फक्त एक जेवण आणि चहा उरतो. म्हणूनच दिवसभराचा प्लॅन वाया जातो. नाश्ता तुम्ही करून आलात, आणि रात्रीचं जेवण परतीच्या ढाब्यावर. रामोजीत सकाळी लवकर प्रवेश असतो आणि तिथल्या महागड्या पॅकेजांत दुपारचं जेवण धरलेलंच असतं. तिथं जेवण वेगळं जोडायच्या आधी पॅकेजमध्ये काय काय आहे ते नीट वाचा.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, तेलंगणातल्या साधारण १२ जूनला. मधल्या आठवड्यात कामाच्या दिवशी गेलात तर गर्दी कमी, काउंटरवरही रांग नाही, आणि कुपनाची गरज आणखीच कमी.

ज्यांचा मुलगा अमेरिकेत आहे आणि जे ऑर्लँडोचं डिस्नी वर्ल्ड पाहायला निघालेत, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तिथला डायनिंग प्लॅन, म्हणजे आधीच पैसे भरून घ्यायची जेवणं, २००५ पासूनचा. कोरोनात बंद पडला, ९ जानेवारी २०२४ पासून परत सुरू झाला. तो डिस्नीच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना मिळतो, आणि एकानं घेतला की त्या खोलीतल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांना घ्यावा लागतो. दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा दर. जेवणासोबतच्या पेयात २१ वर्षांवरच्यांना दारूही चालते, टिप मात्र वेगळी. न वापरलेली जेवणं हॉटेल सोडायच्या दिवशी मध्यरात्री संपतात. शाकाहारी, न पिणाऱ्या आई-वडिलांनी तो घेतला तर दुसऱ्याच्या ग्लासाचे पैसे आपण भरल्यासारखं होईल. मुलगा कौतुकानं घ्यायला निघाला तर त्याला थांबवा.

शाळेच्या सहलीला मात्र कुपनाशिवाय पर्याय नाही. पन्नास लेकरं पन्नास काउंटरवर पांगली तर गुरुजींचा दिवस हजेरी घेण्यातच जाईल. बुकिंग करताना तीन गोष्टी लिहून घ्या: आयत्या वेळी न आलेल्या मुलांचे पैसे परत मिळतात की नाही, सोबतच्या शिक्षकांचं जेवण त्यात आहे का, आणि बाहेर गाडीत थांबलेल्या ड्रायव्हरच्या जेवणाचं काय.