स्कॉटलंड: मुकुट एक, की संसदही एक?
१६०३ मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स म्हणून बसला. एकत्र आला तो फक्त मुकुट. संसद, कायदा, चर्च वेगळेच. नाणीही वेगळी: १२ स्कॉटिश पौंडांना एक इंग्लिश पौंड! खरी गोची व्यापाराची. १६६० च्या नौकानयन कायद्याने इंग्लिश वसाहतींचा बाजार स्कॉटिश जहाजांना बंद झाला. राजा दोघांचा, पण ऐकणार लंडनचे. डॅरियनच्या (आजच्या पनामातील) स्कॉटिश वसाहतीला मदत करू नका, असे इंग्लिश वसाहतींना बजावले गेले. १७०० मध्ये ती बुडाली.

१७०७ च्या इंग्लंडशी विलीनीकरणाने बाजार खुला झाला, शिवाय स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंडांची भरपाई. किंमत? एडिंबरोची संसद. बदल्यात लंडनच्या संसदेत कॉमन्सच्या (कनिष्ठ सभागृह) ४५ जागा, लॉर्ड्सच्या (वरिष्ठ सभागृह) १६. कायदा आणि चर्च तेवढे शाबूत राहिले.