जे १८१५ की जे १८१७? इन्सुलिनचं बिल करताना

अमेरिकन क्लिनिकचं कोडिंग (म्हणजे विम्याच्या बिलासाठी उपचारांना ठरलेले कोड लावणं) पुण्यात बसून करणारी एक मैत्रीण जे १८१५ आणि जे १८१७ या इन्सुलिनच्या दोन बिलिंग कोडमध्ये अडकली होती. रुग्णाच्या चार्टवर इन्सुलिनचा प्रकार एकच, लिस्प्रो.

औषधाच्या नावावरून इथे उत्तर मिळत नाही. ते कसं दिलं, हे पाहायचं. क्लिनिकमध्ये नर्सने सुई टोचली तर जे १८१५. रुग्णाच्या टिकाऊ (पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या) इन्सुलिन पंपात भरायचं असेल तर जे १८१७.

मोजमापातच खरा धोका आहे. पहिल्याचं एक बिलिंग युनिट म्हणजे इन्सुलिनची ५ युनिट्स, दुसऱ्याचं ५०. १० मिलीच्या नेहमीच्या कुपीत १००० युनिट्स असतात. पंपासाठी तिची २० बिलिंग युनिट्स होतात, आणि चुकून पहिल्याच्या हिशेबाने लिहिली तर २००. दहापट! क्लिनिकमध्ये इन्सुलिनची १२ युनिट्स टोचली तर ३ बिलिंग युनिट्स लिहायची, अपूर्णांक चालत नाही.

पैसे कुठून येतात हेही वेगळं. टिकाऊ पंपातलं इन्सुलिन मेडिकेअरच्या (अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) भाग ब मध्ये, म्हणजे डॉक्टरी सेवा आणि उपकरणांच्या भागात बसतं, आणि जुलै २०२३ पासून रुग्णाचा वाटा महिन्याला ३५ डॉलरपर्यंतच. घरी पेनने घेतलेलं भाग ड मध्ये, म्हणजे औषधांच्या भागात जातं, त्याला यातला एकही कोड लावू नये. फियास्प आणि ल्युमजेव्ह या इन्सुलिनच्या ब्रँडना आता स्वतंत्र कोड आहेत, ते आधी तपासा.

साखर वाढून आलेल्या रुग्णाला तिथेच डोस दिला असेल, तर जे १८१५ निवडा. पंपाचा पुरवठा करणाऱ्यांसाठी जे १८१७. नोंदीत इन्सुलिन कसं दिलं हेच लिहिलेलं नसेल तर अंदाज न बांधता डॉक्टरांना विचारा.